हिमगौरीचे तीन आवाज

जर्मनीतल्या एखाद्या घरात आजी, आई आणि नात एकत्र बसल्या आहेत असं समजा. तिघींनीही लहानपणी वॉल्ट डिस्नेचा 'स्नो व्हाइट अँड द सेव्हन ड्वॉर्फ्स' पाहिलाय आणि तोही जर्मन भाषेत. चित्रं तीच, गाण्यांच्या चालीही त्याच. पण आरशासमोर उभी असलेली दुष्ट राणी तिघींच्या कानांत वेगवेगळ्या आवाजांत बोलते. आजीने तो १९५० च्या सुमाराला थिएटरमध्ये पाहिला, तेव्हा तिने ऐकलेले आवाज १९३८ साली ध्वनिमुद्रित झालेले होते. आईच्या कानात १९६६ सालचे आवाज आहेत, नातीच्या कानात १९९४ चे. कोणता आवाज खरा, यावर त्या घरात वाद झाला तर तिघींचंही म्हणणं बरोबर असेल.

ही गोष्ट आपण मराठीत 'हिमगौरी आणि सात बुटके' म्हणून ओळखतो, म्हणून पुढे मी तिला हिमगौरीच म्हणणार आहे. चित्रपटाचा पहिला खेळ २१ डिसेंबर १९३७ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झाला. पुढच्याच वर्षी तो अनेक भाषांत डब झाला, आणि मग दर काही दशकांनी त्याच भाषांत पुन्हा. इटलीत १९३८ नंतर १९७२ मध्ये. स्वीडनमध्ये १९८२ मध्ये. ब्राझीलमध्ये १९६५ मध्ये. फ्रान्समध्ये दोनदा, १९६२ आणि २००१. लॅटिन अमेरिकेच्या स्पॅनिशमध्येही दोनदा, १९६४ आणि २००१. इंग्रजीत मात्र हिमगौरीला एड्रियाना कॅसेलोटीचा तोच जुना, पातळ, किणकिणता आवाज आजही चालतो. तो बदलावा असं कुणाच्या मनातही येत नाही.

असं का? इंग्रजी आवाज जुना झाला तरी चालतो आणि इटालियन आवाज जुना झाला की बदलावा लागतो, हा फरक कुठून आला? ते कळायला आधी डबिंग नेमकं कसं होतं हे पाहायला हवं.

अ‍ॅनिमेशनपटात आवाज आधी आणि चित्र नंतर तयार होतं. कॅसेलोटीने वाक्य म्हटलं, ते मुद्रित झालं, मग चित्रकाराने ते पुन्हा पुन्हा ऐकून हिमगौरीचे ओठ, भुवया, मान काढली. म्हणजे मूळ भाषेत चित्र आवाजाच्या मागे चालतं. डबिंगमध्ये हे बरोबर उलटं होतं. चित्र आधीच पक्कं आहे, त्यातली एक रेघही हलणार नाही, आणि नव्या भाषेतल्या कलाकाराने त्याच्या मागे धावायचं आहे. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा आपलाच वाटावा अशा रीतीने वावरायचं, तसं हे काम आहे.

दुसरी गोष्ट ध्वनीच्या पट्ट्यांची, म्हणजे ट्रॅकची. आपल्याला एकच सलग आवाज ऐकू येतो, पण स्टुडिओत संवाद, संगीत आणि बाकीचे आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात. संवाद वगळून उरलेल्याला 'म्युझिक अँड इफेक्ट्स' ट्रॅक म्हणतात. त्यात वाद्यवृंद असतो, दार करकरतं, विहिरीत पाणी हलतं, पक्षी ओरडतात. फक्त माणसं बोलत नाहीत. परदेशी स्टुडिओला हा ट्रॅक मिळतो आणि त्यावर त्या भाषेतले संवाद बसवले जातात. हा ट्रॅक वेगळा जपलेला नसेल तर डबिंग जवळजवळ अशक्य होतं, कारण मिसळलेले रंग पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

या वाटणीत काही गोष्टी मधल्यामध्ये लोंबकळतात. हसणं संवादात धरायचं की इफेक्टमध्ये? हुंदका? आणि शिंक? सात बुटक्यांपैकी एकाचं नावच शिंकेवरून पडलंय, आणि शिंक सगळ्या जगात सारखी नसते. फ्रेंच माणूस 'आचूम' शिंकतो, जर्मन 'हाची'. बुटके नाचताना गळ्यातून चढउताराची आरोळी काढतात, तिला शब्द नाहीत, पण आवाज माणसाचा आहे. अशा प्रत्येक ठिकाणी कुणाला तरी ठरवावं लागतं की मूळ आवाज ठेवायचा की नवा घ्यायचा. मूळ ठेवला आणि आजूबाजूचं बोलणं नव्या कलाकाराचं असलं, तर त्या क्षणापुरता बुटका दुसराच कुणी झाल्यासारखा वाटतो.

आता ओठांकडे येऊ. पडद्यावर ओठ मिटलेले स्पष्ट दिसतात ते मुख्यतः प, फ, ब, भ, म या वर्णांना. शाळेत यांना ओष्ठ्य वर्ण म्हणून पाठ केलेलं असतं, डबिंगवाल्याची ती रोजची भाकरी आहे. इंग्रजी वाक्यात जिथे 'म' आला तिथे ओठ मिटलेले काढले आहेत. नव्या वाक्यात त्याच जागी ओठ मिटणारा वर्ण आला तर डोळा फसतो, 'आ' आला तर खटकतं. बाकीच्या वर्णांत बरीच सूट मिळते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोंड उघडलं की वाक्य सुरू आणि मिटलं की संपलेलं हवं. एवढं जमलं तर प्रेक्षक बाकीचं पदरात घेतो.

या चित्रपटात एक फार छान योगायोग आहे. बुटक्यांना दाढ्या आहेत! ओठ अर्धे झाकलेले, त्यामुळे त्यांच्या संवादांत भाषांतरकाराला मोकळा श्वास घेता येतो. एकट्या डोपीला दाढी नाही, आणि तो बोलतच नाही. कस लागतो तो हिमगौरीच्या आणि राणीच्या दृश्यांत. हिमगौरीच्या हालचाली काढताना मार्ज बेल्चर या नर्तिकेचं प्रत्यक्ष चित्रण संदर्भाला घेतलं होतं, त्यामुळे तिचा चेहरा बुटक्यांच्या मानाने खऱ्या माणसाच्या जवळ जाणारा आहे. तिथली छोटी चूकही लगेच दिसते.

मुद्रणाची जुनी पद्धत अशी होती की दृश्याचा छोटा तुकडा कापून त्याची दोन्ही टोकं जोडायची. तो तुकडा प्रोजेक्टरवर फिरत राहायचा, तेच वाक्य पुन्हा पुन्हा पडद्यावर यायचं आणि कलाकार जमेपर्यंत बोलायचा. याला लूप म्हणत. फ्रान्समध्ये याहून देखणी सोय रूढ झाली. चित्राखाली एक पट्टी सरकत जाते, तिच्यावर संवाद लिहिलेला असतो, आणि अक्षरं उच्चाराच्या लांबीप्रमाणे ताणलेली किंवा आखडलेली असतात. एका ठरावीक रेषेपाशी अक्षर आलं की ते उच्चारायचं. म्हणजे वाचताना कलाकाराला गाण्याच्या स्वरलिपीसारखी मदत होते. आता हे सगळं संगणकावर होतं, पण कल्पना तीच आहे.

यंत्राचा भाग इथे संपतो. मला जास्त आवडणारा भाग भाषेचा आहे.

रोजच्या इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू' पुरतो. हिमगौरीने बुटक्यांना, बुटक्यांनी हिमगौरीला. जर्मन, फ्रेंच, इटालियन, स्वीडिश, पोलिश अशा भाषांत आल्याआल्या प्रश्न उभा राहतो की तू, तुम्ही की आपण? मराठी वाचकाला हा प्रश्न समजावून सांगायची गरजच नाही. हिमगौरी राजकन्या आहे, पण परक्या घरात न विचारता आलेली आहे. बुटके वयाने मोठे आहेत, पण ती त्यांना हात धुवायला पाठवते. ती त्यांना 'अहो' म्हणाली तर पाहुणी वाटेल, 'अरे' म्हणाली तर आई. मूळ संवादात यातलं काहीच लिहिलेलं नाही. ते भाषांतरकाराला ठरवावं लागतं, आणि त्याने ठरवलं की त्या भाषेतल्या मुलांसाठी ते नातं तसंच होऊन बसतं.

जर्मनमध्ये तर वेगळाच पेच होता. ही गोष्ट मुळात तिथलीच. ग्रिम बंधूंनी १८१२ साली ती छापली आणि तिथल्या पोरासोरांना राणीचा प्रश्न तोंडपाठ असतो. 'श्पीगलाइन, श्पीगलाइन आन डेर वांड', म्हणजे भिंतीवरच्या छोट्याशा आरशा, या साऱ्या देशात सर्वांत सुंदर कोण? आरशाला ती लाडाने हाक मारते, आणि आरसा मात्र तिला 'राणीसाहेब, आपण' अशा आदराने उत्तर देतो. चित्रपटाच्या इंग्रजीत आरसा 'जादूचा' झाला, हाकेतला लाड गेला. आता जर्मन डबिंग करणाऱ्याने इंग्रजीशी इमान राखायचं की आजीच्या गोष्टीशी? पडद्यावर राणीचे ओठ इंग्रजी ओळीवर हलतात आणि थिएटरातली मुलं मनात जर्मन ओळ म्हणत असतात. भाषांतराची याहून अवघड जागा मला सुचत नाही.

ग्रिमच्या गोष्टीत बुटक्यांना नावं नाहीत. चित्रपटात प्रत्येकाला स्वभावाचं नाव दिलं, आणि प्रत्येक भाषेला सात नावं नव्याने शोधावी लागली. मला यात इटालियन नावं फार आवडतात. शिंकणाऱ्याला त्यांनी 'एओलो' म्हटलं, हा वाऱ्याचा देव. लाजऱ्याला 'मामोलो', कारण लाजाळूपणाचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या व्हायोलेटच्या फुलाला तिथे मामोला म्हणतात. झोपाळू तो 'पिझोलो', म्हणजे डुलकीच जणू. आणि इंग्रजीतल्या डोपीला, म्हणजे बावळटाला, त्यांनी 'कुचोलो' केलं. कुचोलो म्हणजे कुत्र्याचं किंवा कुठल्याही प्राण्याचं पिल्लू. एका नावाने त्या बुटक्याकडे पाहायची नजर बदलली. इंग्रजी मुलगा त्याला हसतो, इटालियन मुलाला त्याला उचलून घ्यावंसं वाटत असणार. फ्रेंचांनी त्याला 'सँप्ले', भोळा, म्हटलं. स्वीडिशमध्ये शिंकणारा 'प्रोझिट' झाला, म्हणजे कुणी शिंकलं की समोरचा जो शब्द म्हणतो तोच त्याचं नाव.

ही नावं नुसती ऐकू येत नाहीत, दिसतातही. बुटक्यांच्या पलंगांवर ती कोरलेली आहेत आणि हिमगौरी ती मोठ्याने वाचते. ती वाचते ते आणि दिसतं ते जुळावं म्हणून परदेशी आवृत्त्यांसाठी पलंगावरची नावं त्या त्या भाषेत नव्याने रंगवली गेली, सुरुवातीच्या पुस्तकाची पानंसुद्धा. १९३८ साली, प्रत्येक भाषेसाठी, हाताने. हे कळलं तेव्हा मला त्या अनाम चित्रकारांबद्दल फार आदर वाटला.

गाण्यांचं गणित आणखी कडक. शब्दांची संख्या नव्हे, अक्षरांची संख्या चालीत बसायला हवी. लांबवलेल्या सुरावर 'आ', 'ओ' असा मोकळा स्वर हवा, नाहीतर गायकाचा गळा आवळतो. जोर पडतो तिथे महत्त्वाचा शब्द हवा. आणि यमकही. कामावरून घरी निघालेल्या बुटक्यांच्या गाण्यात इंग्रजी आरोळी आहे 'हाय-हो'. ब्राझीलमध्ये गीतकार ब्रागिन्या यांनी तिथे 'एउ वो, एउ वो' असं घातलं. पोर्तुगीजमध्ये त्याचा सरळ अर्थ 'मी चाललो, मी चाललो'. पुढे, 'घरी आता मी चाललो'. मूळ आरोळीला काही अर्थ नव्हता, ब्राझीलच्या आरोळीला अर्थ आहे, आणि तोंडाचा आकार जवळजवळ तोच राहिला. भाषांतर मूळापेक्षा एक पाऊल पुढे गेलं, असं मी म्हणेन.

बोलायला एक आणि गायला दुसरी, ही सोय आपल्याला पार्श्वगायनामुळे ठाऊक आहे, तीच इथेही केली गेली. १९३८ च्या इटालियन आवृत्तीत संवाद रोझेत्ता कालावेत्ता यांचे आणि गाणी ऑपेरा गायिका लिना पालिऊगी यांची. दोघींचा आवाज एकाच गळ्यातून आल्यासारखा वाटावा, ही दिग्दर्शकाची जबाबदारी.

हे सगळं उभं करण्यात डिस्नेचा अ‍ॅनिमेटर जॅक कटिंग याचा मोठा वाटा. परदेशी आवृत्त्यांवर देखरेख हेच पुढे त्याचं आयुष्यभराचं काम झालं. काही आवृत्त्या अमेरिकेतच, तिथे राहणाऱ्या त्या भाषेच्या कलाकारांना घेऊन झाल्या, काही युरोपात. मग युद्ध आलं. युरोपची बाजारपेठ बंद झाली आणि १९४० साली आलेला पुढचा चित्रपट 'पिनोकिओ' सुरुवातीला फक्त स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये डब होऊ शकला.

आता पुन्हा पहिल्या प्रश्नाकडे. जुनं डबिंग टाकून नवं का करतात?

पहिलं कारण तांत्रिक. १९३८ चा आवाज चुंबकीय टेपवर नाही, फिल्मच्या कडेला प्रकाशाने छापलेल्या रेघेत आहे. त्यात खरखर आहे, वरच्या पट्टीत आवाज चिरकतो. डिस्ने हा चित्रपट साधारण दर सात-आठ वर्षांनी थिएटरात पुन्हा आणत असे, आणि दर वेळी नव्या थिएटरांची ध्वनियंत्रणा आधीपेक्षा चांगली असायची, त्यामुळे जुना आवाज आणखी जुना भासायचा. १९९३ मध्ये हा चित्रपट संपूर्ण डिजिटल स्कॅन करून, साफ करून पुन्हा फिल्मवर उतरवला गेला, असं होणारा तो पहिलाच. इंग्रजी संवाद साफ करायला मूळ साहित्य अमेरिकेत जपलेलं होतं. परदेशी आवृत्त्यांचं बऱ्याचदा फक्त मिसळलेलं अंतिम रूप उरलं होतं. संगीत नव्याने उजळायचं तर त्यात मिसळलेला जुना गळा वेगळा काढता येत नव्हता. मघाशी लक्षात ठेवा म्हटलं ते हेच.

दुसरं कारण भाषा म्हातारी होते. १९३८ चे कलाकार रंगभूमीवरचे होते, शब्द तोलून, लांबवून बोलायचे. तीस वर्षांनी ते मुलांना पुस्तकी वाटू लागलं. या कारणाशी मी अर्धाच सहमत आहे. परीकथा थोडी जुन्या भाषेतच शोभते. कालच्या बोलीत सांगितलेली गोष्ट परवा शिळी होते, जुन्या भाषेत सांगितलेली तशीच राहते.

तिसरं कारण पैशाचं, आणि ते फ्रान्समध्ये उघड झालं. १९६२ च्या फ्रेंच आवृत्तीत हिमगौरीचा आवाज लुसी दोलेन यांचा होता. त्या काळच्या करारात घरी पाहायच्या व्हिडिओ कॅसेटचा उल्लेख असण्याचं कारणच नव्हतं, ती वस्तूच नव्हती. पुढे कॅसेट आल्या, भरपूर खपल्या, आणि आपल्या आवाजाच्या या नव्या विक्रीत आपलाही हक्क आहे म्हणून दोलेन न्यायालयात गेल्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर २००१ मध्ये फ्रेंच हिमगौरी नव्या आवाजात आली, आणि दोलेन यांचा आवाज असलेल्या आणखी काही डिस्नेपटांतही तो बदलला गेला. त्या न्यायालयात जिंकल्या आणि चित्रपटातून गेल्या. चाळीस वर्षं फ्रेंच मुलांनी जी हिमगौरी ऐकली होती ती पुढच्या डिस्कवर नव्हती.

इथे मला माझं मत सांगायचं आहे. इंग्रजी आवाज ही 'कलाकृती' आणि बाकीच्या भाषांतला आवाज हे 'वेष्टन', असा एक समज या सगळ्याच्या मुळाशी आहे. वेष्टन जुनं झालं की बदलायचं, जुनं कुठे गेलं हे कुणी विचारायचं नाही. पण सहा वर्षांच्या इटालियन मुलीसाठी कालावेत्तांचा आवाज हा कशाचा अनुवाद नव्हता, ती हिमगौरीच होती. १९८८ साली डिस्नेने जगभरच्या डबिंगसाठी स्वतंत्र विभाग काढला. तेव्हापासून निवडलेला आवाज मूळ आवाजाच्या पोताशी जुळतो का हे मध्यवर्ती पातळीवर तपासलं जातं. याने दर्जा नक्कीच सांभाळला गेला. पण ज्या मोकळेपणातून कुचोलो आणि 'एउ वो' जन्मले, तो मोकळेपणा जुन्या आवृत्त्यांतच जास्त आहे, आणि त्या आवृत्त्या आज दुकानात मिळत नाहीत. संग्राहकांनी जुन्या फिल्मच्या प्रती, तबकड्या जोडून त्या जिवंत ठेवल्या आहेत. नव्या आवृत्त्या करू नयेत असं मी म्हणत नाही. जुनी शेजारी ठेवावी, एवढंच.

कारण कधीकधी त्या जुन्या आवाजात फक्त बालपण नसतं. १९३८ ची जर्मन आवृत्ती जर्मनीत झालीच नाही. ती अ‍ॅमस्टरडॅममध्ये झाली, नाझी राजवटीतून निसटून तिथे आलेल्या ज्यू कलाकारांच्या आवाजात. कुर्ट गेरॉन, ओटो वालबुर्ग यांच्यासारखे बर्लिनचे गाजलेले नट तेव्हा अशा कामांवर दिवस काढत होते. राणीचा आवाज डोरा गेर्सनचा. ती बर्लिनची कॅबरे गायिका आणि अभिनेत्री, १९३३ नंतर तिला तिथल्या रंगमंचावर जागा उरली नव्हती. नाझी जर्मनीत हा चित्रपट सार्वजनिकरीत्या दाखवला गेला नाही. १९४२ मध्ये गेर्सनच्या कुटुंबाने स्वित्झर्लंडकडे पळून जायचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. फेब्रुवारी १९४३ मध्ये ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत तिला, तिच्या नवऱ्याला आणि दोन लहान मुलांना मारण्यात आलं. गेरॉन आणि वालबुर्गही १९४४ मध्ये तिथेच मारले गेले.

१९५० साली चित्रपट अखेर पश्चिम जर्मनीत लागला, तेव्हा दुसरी जर्मन आवृत्ती अस्तित्वातच नव्हती. अ‍ॅमस्टरडॅमचीच लावली गेली. पडद्यावर आवाज देणाऱ्यांची नावं नव्हती, तशी ती मूळ इंग्रजीतही नव्हती. त्या आजीने तेव्हा अंधाऱ्या थिएटरात बसून राणीला आरशाशी बोलताना ऐकलं, आणि ती बोलत होती डोरा गेर्सनच्या आवाजात.